जुनिन्होची फ्री किक: न फिरणारा चेंडू हवेत का डगमगतो

लियॉन शहरातल्या जेर्लां स्टेडियमवर ३ जून १९९७ रोजी ब्राझीलच्या रोबेर्तो कार्लोसने फ्रान्सविरुद्ध मारलेली फ्री किक फुटबॉल पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते. अंतर साधारण ३५ मीटर. चेंडू बचावपटूंच्या भिंतीच्या उजव्या बाजूने इतका लांब निघाला की गोलच्या बाजूला उभ्या असलेल्या बॉलबॉयने डोकं खाली घातलं. मग तोच चेंडू डावीकडे वळून खांबाला चाटून आत गेला. गोलरक्षक फाबियन बार्थेज जागचा हललाही नाही.

त्यानंतर चार वर्षांनी त्याच मैदानावर खेळणाऱ्या लियॉन क्लबात दुसरा एक ब्राझिलियन आला आणि पुढची आठ वर्षं त्याने नेमकं उलटं तंत्र वापरून गोलरक्षकांना छळलं. कार्लोसचा चेंडू गरागरा फिरत होता, म्हणून वळला. जुनिन्हो पर्नाम्बुकानोचा सर्वांत गाजलेला चेंडू फिरायचाच नाही म्हणा ना, आणि तरीही वाट बदलायचा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी एकदम खाली. लियॉनसाठी त्याने १०० गोल केले आणि त्यांतले ४४ थेट फ्री किकवर. सगळ्या कारकिर्दीत मिळून फ्री किकवर ७७ गोल केल्याचं सर्वत्र सांगितलं जातं. मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात, खेळणाऱ्या माणसाच्या नावावर हे आकडे आहेत, हे लक्षात घ्या.

या चेंडूला लोक जादू म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्यामागची हवेची करामत कळली की जुनिन्होबद्दलचा आदर कमी होत नाही, उलट वाढतो, कारण तो नक्की काय साधत होता हे तेव्हा दिसायला लागतं.

रेसिफेचा मुलगा

त्याचं पूर्ण नाव आंतोनियो आउगुस्तो रिबेरो रेइस ज्युनियर. जन्म ३० जानेवारी १९७५, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या पर्नाम्बुको राज्यातल्या रेसिफे शहरात. सुरुवात तिथल्याच स्पोर्ट रेसिफे क्लबात झाली आणि १९९५ मध्ये तो रिओच्या वास्को द गामाकडे गेला. नावापुढचं ‘पर्नाम्बुकानो’ म्हणजे पर्नाम्बुकोचा. हे लावावं लागलं, कारण त्याच काळात साओ पावलोचा जुनिन्हो पाउलिस्ता हाही नावाजलेला मिडफिल्डर होता. पुढे तर २००० मध्ये दोघे वास्कोमध्ये एकत्रच खेळले. इंटरनेटवर शोधताना आजही या दोघांची गल्लत होते, तेवढं सांभाळा.

वास्कोने १९९७ आणि २००० मध्ये ब्राझीलची लीग जिंकली. मधलं १९९८ हे क्लबचं शताब्दी वर्ष. त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतली क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, कोपा लिबेर्तादोरेस, वास्कोला मिळाली. उपांत्य फेरीत गाठ अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी होती. घरचा सामना वास्कोने १-० जिंकला होता, पण ब्युनोस आयरेसच्या मोनुमेंताल स्टेडियमवर रिव्हरने आघाडी घेतली. सामना संपत आला असताना जुनिन्होने लांबून फ्री किक मारली आणि बरोबरी साधली. वास्को अंतिम फेरीत गेला. त्या गोलवर रचलेलं गाणं वास्कोचे चाहते अजून स्टँडमध्ये म्हणतात.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ७ सप्टेंबर १९९९ रोजी ब्राझीलचा पोर्तो आलेग्रेत अर्जेंटिनाशी सामना होता आणि त्याच दिवशी वास्कोचा उरुग्वेच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत नासिओनालशी. जुनिन्हो दोन्हींत खेळला. आधी देशासाठी बदली खेळाडू म्हणून शेवटची काही मिनिटं, मग विमानाने दुसऱ्या देशात जाऊन क्लबसाठी. ब्राझीलच्या क्लबांचं वेळापत्रक खेळाडूंना कसं पिळून काढायचं, याचा यापेक्षा बोलका दाखला मला माहीत नाही.

लियॉन: सात वर्षं, सात लीग

२००१ मध्ये क्लबशी करारावरून वाद होऊन तो वास्कोतून बाहेर पडला आणि फ्रान्सला गेला. लियॉनने तोपर्यंत फ्रान्सची लीग एकदाही जिंकली नव्हती. अध्यक्ष जाँ-मिशेल ओलास अनेक वर्षं क्लबची बांधणी करत होते, पैसा आणि खेळाडू हळूहळू जमवत होते, पण कप कपाटात आला नव्हता. जुनिन्होच्या पहिल्याच हंगामात तो आला. शेवटच्या दिवशी लियॉन लांसच्या एक गुण मागे होतं आणि सामनाही लांसशीच होता. जेर्लांवर लियॉन ३-१ ने जिंकलं.

मग थांबलेच नाहीत. २००२ ते २००८ सलग सात लीग. या सात वर्षांत प्रशिक्षक चार झाले: जाक सांतिनी, पॉल ले ग्वेन, जेरार उलिये आणि आलाँ पेराँ. खेळाडूही येत-जात राहिले. मायकेल एसियन चेल्सीला गेला, महामादू दियारा रेआल माद्रिदला गेला, फ्लोराँ मालुदा गेला. लियॉन तरुण खेळाडू घडवायचं, चांगल्या किमतीला विकायचं आणि पुन्हा नवा शोधायचं. जो हलला नाही तो जुनिन्हो.

त्याच्या फ्री किकचं खरं मोल मला इथे दिसतं. दर उन्हाळ्यात अर्धी मिडफिल्ड बदलणाऱ्या संघाला चाल जुळायला वेळ लागतो. सामना अडकतो, समोरचा संघ दहा जण मागे ओढून बसतो. अशा वेळी लियॉनकडे एक गोष्ट कायम हमखास होती. ३० मीटरवर कुणी पाडलं, तरी ती गोलची संधी. त्यामुळे बचावपटू त्या भागात पाय घालायलाच कचरायचे आणि लियॉनच्या बाकीच्या खेळाडूंना चेंडू घेऊन पुढे सरकायला मोकळीक मिळायची. न मारलेल्या फ्री किकचाही असा फायदा व्हायचा, आणि तो कुठल्याही आकडेवारीत सापडत नाही.

आता हवेकडे वळू

५ नोव्हेंबर २००३. म्युनिकमध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा सामना, समोर बायर्न, गोलमध्ये ऑलिव्हर काहन. सहाव्याच मिनिटाला लांबवर फ्री किक मिळाली. जुनिन्होने मारली, काहन झेपावला, चेंडू आत गेला आणि काहन खांबावर जाऊन आदळला. त्या काळात जगातल्या पहिल्या दोन-तीन गोलरक्षकांत मोजला जाणारा माणूस खांब कुठे आहे हे विसरतो, म्हणजे त्याला चेंडूच्या मागे किती उशिरा धावावं लागलं असेल! लियॉन तो सामना २-१ ने जिंकलं.

काय झालं असेल, ते समजायला आधी फिरणारा चेंडू पाहू. चेंडू स्वतःभोवती फिरत पुढे जातो तेव्हा त्याची एक बाजू समोरून येणाऱ्या हवेच्या दिशेने सरकत असते आणि दुसरी बाजू हवेच्या विरुद्ध. चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर एका बाजूला जास्त वेळ चिकटून राहतो, दुसऱ्या बाजूला लवकर सुटतो. परिणामी मागे जाणारी हवा एका अंगाला ढकलली जाते आणि चेंडू त्याच्या उलट अंगाला. हा मॅग्नस परिणाम. गुस्ताव मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो मांडला. कार्लोसचा गोल हा त्याचा टोकाचा नमुना. पण असा चेंडू कितीही वळला तरी एकाच दिशेने वळतो. गोलरक्षकाला फिरकी दिसली की पुढचा अंदाज बांधता येतो.

न फिरणाऱ्या चेंडूला ही शिस्त नसते. तिथे सूत्र शिवणीच्या, म्हणजे चेंडूचे तुकडे जिथे जोडलेले असतात त्या रेषांच्या, हातात जातं. समजा, एका क्षणी चेंडूच्या उजव्या बाजूला शिवण मोक्याच्या जागी आली. ती तिथला हवेचा थर खळबळवते. खळबळलेला थर, ऐकायला उलटं वाटलं तरी, चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. डावीकडे गुळगुळीत भाग आहे, तिथला थर लवकर सुटतो. मागची हवा डावीकडे झुकते, चेंडू उजवीकडे सरकतो. आता चेंडू अगदी संथपणे अर्धा फेरा फिरला आणि शिवण डावीकडे आली, की जोरही डावीकडे. म्हणजे एकाच प्रवासात दिशा दोनदा बदलली. चेंडू भराभर फिरत असता तर शिवणी क्षणोक्षणी जागा बदलतात आणि हे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. संपूर्ण प्रवासात फार तर एखादा फेरा, एवढी संथ फिरकी या खेळाला पोषक.

यात आणखी एक भर पडते. नाव जाताना मागे पाणी जसं सरळ न जाता आलटून पालटून दोन्ही बाजूंना भोवरे टाकत जातं, तसे चेंडूच्या मागेही हवेचे भोवरे सुटतात. ते नियमित नसतात, आणि चेंडूला मागून हिसके देत राहतात.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातलं अर्धं ओळखीचं वाटेल, आणि ते खरंच तेच आहे. क्रिकेटचा चेंडू स्विंग का होतो आणि फुटबॉल का डगमगतो, या दोन्हींवर नासाच्या एम्स केंद्रातले रवींद्र मेहता यांनी काम केलं आहे. फरक असा: वेगवान गोलंदाज चेंडूला मागे फिरकी देऊन शिवण उभी धरतो, म्हणून ती हवेत एका जागी राहते आणि चेंडू ठरलेल्या एकाच बाजूला स्विंग होतो. फुटबॉलवर शिवणींचं जाळं सगळीकडे पसरलेलं असतं, त्यातली कोणती कधी समोर येईल हे सांगता येत नाही. २०११ च्या विश्वचषकात श्रीरामपूरच्या झहीर खानने जो नकल बॉल टाकला, त्यातही हीच किल्ली होती, फिरकी जवळपास काढून टाकण्याची. त्याने ती वेग लपवायला वापरली, जुनिन्होने दिशा लपवायला.

म्हणजे चेंडू नक्की कुठे वळणार हे खुद्द जुनिन्होलाही माहीत नसायचं. सुरुवातीची दिशा, वेग आणि फिरकीचा अभाव या तीन गोष्टी तेवढ्या त्याच्या हातात होत्या. त्या तिन्ही एका लाथेत साधणं किती अवघड आहे पाहा. पाय आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. तेवढ्यात लाथेचा जोर चेंडूच्या मध्यातून आरपार जायला हवा. जरा बाजूला लागलं की फिरकी आली, आणि फिरकी आली की डगमग गेली. घोटा ताठ, लाथ कमी झोकाची. आणि हे सगळं ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग देऊन.

गोलरक्षकाचा एक सेकंद

थोडं गणित करू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. हवेमुळे वेग घटतो, म्हणून ३० मीटर जायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतं. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. मधून झेपावून कोपरा गाठायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. त्यात डोळ्यांनी पाहून मेंदूने ठरवायचा वेळ मिळवा. चेंडू जेमतेम अर्ध्या वाटेवर असताना गोलरक्षकाला निर्णय घ्यावाच लागतो. त्याच्यापुढच्या अर्ध्या वाटेत चेंडू हातभर जरी सरकला, तरी झेप चुकली. ९.१५ मीटरवर उभी असलेली भिंत बहुतेक वेळा सुरुवातीचा भाग झाकूनही टाकते, म्हणजे पाहायला मिळतं ते आणखीनच कमी.

आणि मग ते एकदम खाली येणं. साध्या जोरदार लाथेत चेंडूला थोडी मागची फिरकी मिळते, ती त्याला हवेत उचलून धरते. आपल्या डोळ्यांना त्याच वाटेची सवय असते. फिरकीच नसली तर हा टेकू जातो, चेंडू अपेक्षेपेक्षा आधी पडतो. शिवाय वेग एका ठरावीक मर्यादेखाली आला की चेंडूभोवतीचा खळबळता थर शांत होतो, लवकर सुटतो, आणि हवेचा अडथळा अचानक वाढतो. ही मर्यादा चेंडूच्या बनावटीवर ठरते. जुन्या ३२ तुकड्यांच्या चेंडूसाठी ती ताशी ५० किलोमीटरच्या थोडी वर मोजली गेली आहे. २०१० च्या विश्वचषकातला जाबुलानी फक्त ८ तुकड्यांचा, शिवणी कमी, अंग गुळगुळीत. त्याची मर्यादा ताशी ८० किलोमीटरच्या जवळ, म्हणजे नेमकी फ्री किकच्या वेगात. म्हणून तो स्पर्धाभर लहरीपणाने वागला आणि गोलरक्षकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली.

जुनिन्होचे बहुतेक गाजलेले गोल जाबुलानीच्या आधीचे आहेत. चेंडू त्याला फारशी मदत करत नव्हता, तेव्हाही तो ही डगमग काढत होता. त्याच्या मागोमाग हे तंत्र वापरणारे पुष्कळ झाले, पण मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आंद्रेआ पिर्लोने तर उघडच सांगितलं आहे की त्याने आपली फ्री किक जुनिन्होचा अभ्यास करून बसवली. कितीतरी दिवस जमत नव्हतं. शेवटी त्याच्या ध्यानात आलं की चेंडूला सबंध पाऊल न लावता पहिल्या तीन बोटांनी खालून मारायचं आणि पाय शक्य तितका सरळ ठेवायचा.

एकच हत्यार नव्हतं

इथवर वाचून असं वाटेल की तो प्रत्येक वेळी डगमगता चेंडूच मारायचा. तसं नाही. भिंतीवरून वळवून कोपऱ्यात टाकणंही त्याला उत्तम यायचं, आणि कडेच्या रेषेजवळून मारलेला तिसरा प्रकार तर मला सर्वांत हुशारीचा वाटतो.

फेब्रुवारी २००९, बार्सिलोनाविरुद्ध, पुन्हा जेर्लां. फ्री किक डावीकडे, अशा जागी की तिथून कुणीही गोलसमोर क्रॉस, म्हणजे साथीदारांसाठी उंच चेंडू, टाकेल. जुनिन्होने चेंडू असा सोडला की तो क्रॉसही होता आणि शॉटही. गोलरक्षक व्हिक्टर वाल्देसची कोंडी झाली. कुणीतरी डोकं लावून दिशा बदलेल म्हणून थांबावं, तर चेंडू थेट आत जातो. थेट आत येईल म्हणून आधीच सरकावं, तर डोकं लागून तो दुसऱ्या बाजूला जातो. वाल्देस त्या दोहोंच्या मधे अडकला आणि चेंडू त्याच्यावरून लांबच्या बाजूला आत गेला. कुणी स्पर्शही केला नाही. इथे डगमगीची गरजच नव्हती. वेग आणि जागा अशी निवडली होती की समोरच्याला कुठलाही निर्णय वेळेत घेता येऊ नये.

पिवळ्या जर्सीत मात्र थोडंच

ब्राझीलसाठी तो चाळीसेक सामने खेळला. २००२ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो नव्हता. २००५ ची कॉन्फेडरेशन्स कप जिंकणाऱ्या संघात होता. काका, रोनाल्डिन्हो, झे रोबेर्तो, जिल्बेर्तो सिल्वा अशा गर्दीत जागा मिळणं कठीण, आणि फ्री किक घ्यायला तिथे रोबेर्तो कार्लोस आणि रोनाल्डिन्होही उभे.

२००६ च्या विश्वचषकात जपानविरुद्ध त्याने लांबून मारलेला गोल हा त्याच्या लाथेचा चांगला नमुना आहे. फ्री किक नव्हती, चालत्या खेळात मारलेला शॉट होता. गोलरक्षक कावागुची बरोबर जागी होता तरी चेंडू त्याच्या हातांतून निसटून गेला. त्या दिवशी जपानचे प्रशिक्षक होते झिको, ब्राझीलचे त्यांच्या पिढीतले फ्री किकचे उस्ताद. हेच झिको पुढे २०१४ ते २०१६ एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले आणि फातोर्ड्याच्या मैदानावर गोवेकरांना रोज दिसू लागले.

उपउपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध प्रशिक्षक पारेरा यांनी जुनिन्होला सुरुवातीपासून उतरवलं. झिदानच्या फ्री किकवर ऑन्रीने गोल केला, थोड्या वेळाने जुनिन्होला बाहेर काढलं आणि ब्राझील ०-१ ने हरलं. त्यानंतर तरुणांना जागा मिळावी म्हणून त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि लियॉनसाठी आणखी तीन हंगाम खेळणार होता.

२००९ मध्ये तो कतारच्या अल-घराफाकडे गेला. २०११ मध्ये वास्कोत परतला, तोही देशातल्या किमान वेतनाइतक्या पगारावर, बाकी कमाई कामगिरीवर. परतल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात, कोरिंथियन्सविरुद्ध, सुरुवातीच्या मिनिटांतच फ्री किकवर गोल केला. मधे काही महिने न्यूयॉर्क रेड बुल्स, पुन्हा वास्को, आणि २०१४ च्या सुरुवातीला निवृत्ती. २०१९ ला तो लियॉनला क्रीडा संचालक म्हणून गेला. त्याच्या काळात ब्रुनो गिमाराइस आणि लुकास पाकेता हे दोन ब्राझिलियन मिडफिल्डर क्लबात आले आणि २०२० मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

त्याचे गोल यूट्यूबवर सहज सापडतात. पाहताना भिंतीकडे किंवा गोलरक्षकाकडे पाहू नका. गोलच्या मागून घेतलेला संथ रिप्ले लावा आणि फक्त चेंडूवरच्या नक्षीकडे बघा. नक्षी स्पष्ट ओळखू येत असेल तर चेंडू फिरत नाही, आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये तो वाट बदलतो का ते पाहा. बायर्नविरुद्धच्या २००३ च्या गोलपासून सुरुवात करा, आणि लगेच बार्सिलोनाविरुद्धचा २००९ चा लावा.